आधी आपले वाक्य ऐका : इंग्रजी काळ आणि शब्दरूपांचा सराव



दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. "मुलाला मराठी ठेवले तर त्याचे इंग्रजी कच्चे तर राहणार नाही ना?" प्रश्न रास्त आहे. हैदराबादेत राहायचे, पुढे शिकायचे, नोकरी मिळवायची, तर इंग्रजी आलेच पाहिजे. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर भाषणाने न देता एका धड्याने द्यावे, असे आम्ही ठरवले. धडा शेवटपर्यंत सोडवा आणि मग उत्तर तुम्हीच ठरवा.

काळ चुकला तर काय बिघडते, हे आधी पाहू. आजारी मुलाला घेऊन तुम्ही डॉक्टरांकडे गेलात आणि म्हणालात, 'ही हॅड फीव्हर फॉर थ्री डेज.' याचा अर्थ, तीन दिवस ताप होता, आता नाही. तुम्हाला सांगायचे होते की तीन दिवस झाले, ताप अजून आहे. त्यासाठी म्हणायला हवे, 'ही हॅज हॅड फीव्हर फॉर थ्री डेज.' नोकरीच्या अर्जातही असेच होते. 'आय वर्क्ट देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे तेथली नोकरी सुटली. 'आय हॅव्ह वर्क्ट देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे अजून तेथेच आहे. फरक एका शब्दाचा, पण वाचणाऱ्याचा समज पुरता बदलतो. म्हणून काळाचा अभ्यास केवळ गुणांसाठी करायचा नाही.

एक सूचना. या धड्यातील सर्व इंग्रजी वाक्ये आम्ही मुद्दाम देवनागरीत छापली आहेत. घरातील आजी-आजोबांनाही ती वाचून दाखवता यावीत हा एक हेतू, आणि विद्यार्थ्यांनी ती वहीत रोमन लिपीत स्वतः लिहावीत हा दुसरा. शुद्धलेखनाचा सराव त्यातच होईल.

१. व्याकरणाची ओळख जुनीच आहे

नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण ही नावे तुम्ही मराठीच्या तासाला शिकता. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 1836 साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा आराखडा त्यांच्या समोर होता. शब्दांच्या आठ जाती आपल्याकडे रुळल्या त्या या वाटेने. पुढे तर्खडकर हेच नाव लागलेल्या 'भाषांतर पाठमाले'वर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य घ्यायचे, ते नीट तपासायचे, मग त्याचे इंग्रजी करायचे, अशी ती पद्धत. आजचा धडाही त्याच पद्धतीचा आहे.

आपल्या शहरात तर एकापेक्षा जास्त भाषांत शिकणे नवे नाही. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि इंग्रजी हा विषय सक्तीचा होता. म्हणजे मराठी घरातला विद्यार्थी घरी मराठी बोले, वर्गात उर्दूतून शिके आणि इंग्रजीचाही अभ्यास करी. आज उर्दूची जागा इंग्रजीने घेतली आहे आणि 2018 च्या कायद्यानुसार तेलंगणातील शाळांत तेलुगूही शिकावी लागते. भाषा बदलल्या, पण अनेक भाषांची सवय तीच आहे.

२. 'गेलो होतो' म्हणजे नेहमी 'हॅड गॉन' नव्हे

मराठी मुलांच्या वहीत सर्वांत जास्त आढळणारी चूक ही. आपण सहज म्हणतो, 'मी काल चारमिनारला गेलो होतो.' मूल त्याचे शब्दशः इंग्रजी करते, 'आय हॅड गॉन टु चारमिनार यस्टरडे.' हे चुकीचे आहे. येथे 'आय वेन्ट टु चारमिनार यस्टरडे' एवढेच हवे.

असे का? मराठीत 'गेलो होतो' हे जाऊन परत आल्याचे सांगते. त्याला दुसऱ्या घटनेची गरज नसते. इंग्रजीत मात्र 'हॅड' वापरायला भूतकाळातल्या दोन घटना लागतात, आणि त्यातली आधीची घटना 'हॅड' घेते. 'आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती' या वाक्यात दोन घटना आहेत. गाडी आधी सुटली, आम्ही नंतर पोचलो. म्हणून 'व्हेन वी रीच्ट द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.'

नियम : 'होतो, होता, होते' दिसले की विचारा, कशाच्या आधी? उत्तर मिळाले तर 'हॅड'. उत्तर नाही मिळाले तर साधा भूतकाळ.

३. 'पाहिले' आणि 'पाहिले आहे'

'मी हे पुस्तक वाचले आहे.' याचे इंग्रजी 'आय हॅव्ह रेड धिस बुक.' येथपर्यंत दोन्ही भाषा बरोबर चालतात. पण मराठीत आपण 'मी हे पुस्तक मागच्या वर्षी वाचले आहे' असेही म्हणतो आणि कोणाला ते खटकत नाही. इंग्रजीत येथे वाट फुटते. 'यस्टरडे', 'लास्ट इयर', 'इन 2020' असा संपलेला वेळ सांगितला की 'हॅव्ह' चालत नाही. 'आय रेड धिस बुक लास्ट इयर' असेच म्हणायचे.

यामागचा विचार सोपा आहे. 'हॅव्ह' असलेले वाक्य आजशी नाते सांगते. पुस्तक वाचलेले आहे, म्हणून त्यातले आज मला माहीत आहे. 'लास्ट इयर' म्हटले की आपण त्या वर्षात जाऊन उभे राहिलो, आजशी संबंध तुटला.

आपल्या हैदराबादी बोलीत 'परसों' म्हणजे परवाही असू शकतो आणि चार महिन्यांपूर्वीचा दिवसही. ऐकणारा संदर्भाने समजून घेतो. इंग्रजी तेवढी सवलत देत नाही. वेळ सांगितला की क्रियापदाने त्या वेळेप्रमाणे वागायचे, हा तिचा शिरस्ता आहे.

४. एक 'पासून', इंग्रजीत दोन शब्द

'सोमवारपासून ताप आहे' आणि 'दोन दिवसांपासून ताप आहे.' मराठीत दोन्हीकडे 'पासून' चालते. इंग्रजीत पहिल्याला 'सिन्स' आणि दुसऱ्याला 'फॉर'. जेथून मोजायला सुरुवात केली तो क्षण सांगितला तर 'सिन्स' : सिन्स मंडे, सिन्स मॉर्निंग, सिन्स 2019. किती वेळ ते माप सांगितले तर 'फॉर' : फॉर टू डेज, फॉर फाइव्ह इयर्स. म्हणजे 'सिन्स टू डेज' हे कधीच बरोबर नाही.

पारख अशी करा. 'पासून' काढून त्या जागी 'झाले' घालून पाहा. 'दोन दिवस झाले ताप आहे' हे वाक्य जमते, म्हणून 'फॉर'. 'सोमवार झाले ताप आहे' हे जमत नाही, म्हणून 'सिन्स'.

आता क्रियापद. 'मी पाच वर्षांपासून हैदराबादेत राहतो' यात मराठीने वर्तमानकाळ वापरला. इंग्रजीत काल सुरू होऊन आज चालू असलेल्या गोष्टीला 'हॅव्ह' लागते : 'आय हॅव्ह बीन लिव्हिंग इन हैदराबाद फॉर फाइव्ह इयर्स.' 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' या एका वाक्यात दोन चुका आहेत. त्या दोन्ही शोधा. रजेच्या चिठ्ठीत 'सफरिंग फ्रॉम फीव्हर' लिहिणाऱ्यांनी हे कलम दोनदा वाचावे.

५. 'मला' दिसले की 'आयएनजी' जपून

'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय अ‍ॅम नॉट नोइंग' ही वाक्ये आपण रोज ऐकतो. ती टाळण्यासाठी मराठीच मदत करते. पुढील वाक्ये पाहा : मला दोन भाऊ आहेत. मला माहीत आहे. मला आंबा आवडतो. मला समजते. मला आठवते. मला हवे आहे.

या सर्व वाक्यांत 'मी' नाही, 'मला' आहे. कारण येथे मी काही करत नाही. ती माझी स्थिती आहे. इंग्रजीत स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांना सहसा 'आयएनजी' लागत नाही : आय हॅव्ह टू ब्रदर्स. आय नो. आय लाइक मँगोज. आय अंडरस्टँड. आय रिमेंबर. आय वॉन्ट इट.

चूक कोठून येते? आपण बोलताना 'मला समजतंय', 'मला आठवतंय' असेही म्हणतो. त्या 'तंय'चे मूल 'आयएनजी' करते. म्हणून 'तंय' ऐकू नका, 'मला' ऐका. मात्र 'आय अ‍ॅम हॅविंग लंच' हे बरोबर आहे, कारण तेथे 'मी जेवत आहे' अशी क्रिया चालू आहे. 'मला बरे वाटतंय' याचे 'आय अ‍ॅम फीलिंग बेटर' हेही चालते. असे अपवाद थोडे आहेत. भेटतील तसे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

६. 'येशील तेव्हा' आणि 'आला तर'

'तू येशील तेव्हा मी तुला पुस्तक देईन.' मराठीत दोन्ही क्रियापदे भविष्यकाळी. इंग्रजीत 'विल' एकदाच : 'व्हेन यू कम, आय विल गिव्ह यू द बुक.' 'व्हेन यू विल कम' नको.

'पाऊस आला तर सामना होणार नाही.' येथे तर मराठीने भूतकाळाचे रूप वापरले, पाऊस तर अजून यायचाच आहे! इंग्रजी त्या जागी वर्तमानकाळ वापरते : 'इफ इट रेन्स, देअर विल बी नो मॅच.' यावरून एक महत्त्वाची गोष्ट शिका. क्रियापदाचे रूप आणि घडण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आई हाक मारते आणि आपण जागेवरून न हलता 'आलोच' म्हणतो. रूप भूतकाळाचे, येणे पुढचेच.

तसेच निघताना आपण 'येतो' म्हणतो. तेलुगूतही निघणारा 'वेळ्ळि वस्तानु', म्हणजे जाऊन येतो, असे म्हणतो. 'जातो' म्हणणे दोन्ही घरांत बरे मानत नाहीत. पण इंग्रजीत निरोप घेताना 'आय अ‍ॅम कमिंग' म्हणालात तर यजमान तुमची वाट पाहत बसतील. तेथे 'आय अ‍ॅम लीव्हिंग' म्हणण्यात अशुभ काही नाही.

७. भूतकाळाचे ओझे एकाच खांद्यावर

'डिड यू वेन्ट?' 'ही डिड नॉट केम.' 'डझ शी गोज?' या तिन्ही वाक्यांत एकच चूक आहे. काळ दोनदा सांगितला. 'डिड' आला की भूतकाळ त्याने उचलला, मुख्य क्रियापद मोकळे झाले : डिड यू गो? ही डिड नॉट कम. तसेच 'डझ'ने शेवटचा 'एस' उचलला : डझ शी गो?

साध्या वाक्यात मात्र तो 'एस' विसरायचा नाही : शी गोज, ही रीड्स. मराठीत तर प्रत्येक कर्त्याबरोबर क्रियापद बदलते : मी जातो, तू जातोस, तो जाते म्हणत नाही, ती जाते, ते जातात. भूतकाळात तर ते कर्मालाही विचारते : त्याने आंबा खाल्ला, त्याने पोळी खाल्ली, त्याने लाडू खाल्ले. इंग्रजीत या सर्वांना एकच 'एट' : ही एट अ मँगो, शी एट अ चपाती. जो विद्यार्थी इतकी रूपे न चुकता बोलतो, त्याला एक 'एस' सांभाळणे जड का जावे?

'ती म्हणाली, मी उद्या येते.' हे जसेच्या तसे सांगताना मराठी तिचेच शब्द ठेवते. इंग्रजीत सांगणारा आपल्या जागेवरून सांगतो. त्यामुळे 'मी'चे 'शी' होते, 'विल'चे 'वुड' होते आणि 'टुमॉरो'चे 'द नेक्स्ट डे' होते : 'शी सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे.'

८. अनियमित रूपांची तक्रार

"गो-चे वेन्ट का? गोड का नाही?" असे पाचवीतली मुले विचारतात. त्यांना आमचा उलट प्रश्न असतो, 'जातो'चे 'गेला' का? 'जाला' का नाही? दोन्ही भाषांत कारण एकच प्रकारचे आहे. 'वेन्ट' हे मुळात 'वेन्ड' या दुसऱ्याच क्रियापदाचे रूप, ते 'गो'च्या पंक्तीत येऊन बसले. आपला 'गेला'ही 'जा' या धातूपासून आलेला नाही, तो संस्कृत 'गत'च्या वंशातला. आणि करतो-केला, मरतो-मेला, येतो-आला, देतो-दिला, पितो-प्यायला ही रूपे तुम्ही कोणत्या तक्त्यावरून पाठ केलीत? ऐकून ऐकून आली. इंग्रजीतली अनियमित क्रियापदे सुमारे दोनशे आहेत, आणि रोज लागणारी त्याहून बरीच कमी. रोज पाच मोठ्याने म्हणा, दोन महिन्यांत संपतील.

आणखी एक मौज पाहा. मराठीत पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे अशा जोड्या आहेत. स्वर बदलला की आपोआप घडणारी क्रिया कोणीतरी घडवलेली होते. इंग्रजीतही अशा जोड्या शिल्लक आहेत :

पडणे, पाडणे : 'फॉल' आणि 'फेल'. झाड पडते तेव्हा 'फॉल', झाड पाडतात तेव्हा 'फेल'.
उठणे, उठवणे : 'राइज' आणि 'रेझ'.
बसणे, बसवणे : 'सिट' आणि 'सेट'.
पडून राहणे, ठेवणे : 'लाय' आणि 'ले'.

शेवटच्या जोडीत इंग्रजी बोलणारेही गोंधळतात, कारण 'लाय'चा भूतकाळ 'ले' होतो आणि 'ले' हे दुसऱ्या क्रियापदाचे मूळ रूपही आहे. रूपे अशी : लाय, ले, लेन. आणि ले, लेड, लेड. पडणे आणि पाडणे यांतला फरक ज्याला कळतो, त्याला ही जोडी अवघड नाही. कर्म आहे का, एवढेच विचारायचे. 'ही लेड द बुक ऑन द टेबल' यात पुस्तक हे कर्म आहे. 'द बुक लाइज ऑन द टेबल' यात कर्म नाही.

९. शेवटच्या 'ईडी'चा उच्चार

'वॉकेड', 'हेल्पेड' असे वाचू नका. नियम तुम्ही मराठीच्या संधीत शिकला आहात. विपद् अधिक काल म्हणजे विपत्काल. पुढे 'क' हा कठोर वर्ण आला म्हणून मृदू 'द' बदलून कठोर 'त' झाला. इंग्रजीतही शेजाऱ्याचा गुण असाच लागतो.

क्रियापद कठोर ध्वनीत संपले तर 'ट' : वॉक्ट, हेल्प्ट, लाफ्ट, वॉश्ट, वॉच्ट.
मृदू व्यंजनात किंवा स्वरात संपले तर 'ड' : प्लेड, कॉल्ड, ओपन्ड, लिव्ह्ड.
'ट' किंवा 'ड' यांतच संपले तर 'इड' : वॉन्टिड, नीडिड.

लिहिताना तिन्हीकडे 'ईडी'च. फक्त बोलताना फरक.

१०. एका शब्दाचे घराणे

मराठीत यश, यशस्वी, यशस्वीपणे हे एका घरातले शब्द, पण प्रत्येकाची वाक्यातील जागा वेगळी. 'तो यश झाला' असे आपण म्हणत नाही. इंग्रजीतही तसेच : 'सक्सेस' नाम, 'सक्सीड' क्रियापद, 'सक्सेसफुल' विशेषण, 'सक्सेसफुली' क्रियाविशेषण. म्हणून 'ही सक्सेस्ट' असे कधी लिहायचे नाही. 'ही सक्सीडिड' किंवा 'ही वॉज सक्सेसफुल' असे लिहायचे. नवा शब्द भेटला की त्याच्या घरातली इतर मंडळीही वहीत उतरवून घ्या.

प्रत्ययांचीही ओळख करून घ्या. दयाळूचे दयाळूपणा, तसे 'काइंड'चे 'काइंडनेस'. 'शिक्ष्' या संस्कृत धातूपासून शिक्षक, तसे 'टीच'पासून 'टीचर'. आपण नकारासाठी 'अ' लावतो, जसे अशक्य, अपूर्ण. फारसी-उर्दूतून आलेले 'गैर', 'ना', 'बे' हेही लावतो, जसे गैरहजर, नापसंत, बेकायदा. इंग्रजीनेही तेच केले. 'अन' हा तिचा स्वतःचा, जसे 'अनहॅपी'. 'इन' हा लॅटिनमधून आलेला, जसे 'इनकम्प्लीट'. हा 'इन' पुढे 'प' किंवा 'म' आला की 'इम' होतो, जसे 'इम्पॉसिबल'. आपण 'चंपा'तला अनुस्वार 'म्' असा उच्चारतो, त्याचेच हे भावंड. पुढे 'र' आला तर 'इर', जसे 'इरेग्युलर'.

काही जोड्यांत फक्त शेवटचा ध्वनी बदलतो. नाम कठोर, क्रियापद मृदू : 'अ‍ॅडव्हाइस' सल्ला, 'अ‍ॅडव्हाइझ' सल्ला देणे. 'बिलीफ' विश्वास, 'बिलीव्ह' विश्वास ठेवणे. 'प्रूफ' पुरावा, 'प्रूव्ह' सिद्ध करणे. आणखी काही शब्दांत अक्षरे तीच राहतात, जोर बदलतो. 'रेकॉर्ड' आणि 'ऑब्जेक्ट' या शब्दांत पहिल्या भागावर जोर दिला तर नाम, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. शब्दातील जोर बदलून अर्थ बदलण्याची ही रीत मराठीत नाही, म्हणून तिचा सराव कानानेच करावा लागेल.

स्वाध्याय पहिला : इंग्रजीत भाषांतर करा

1. आम्ही रविवारी गोवळकोंड्याला गेलो होतो.
2. माझी आजी 1990 पासून काचीगुड्यात राहते.
3. दोन तासांपासून वीज नाही.
4. तू काल गृहपाठ केलास का?
5. बाबा येतील तेव्हा आपण जेवू.
6. मला तिचे नाव आठवत नाही.
7. आम्ही पोचलो तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता.
8. तो म्हणाला, मी मदत करीन.

स्वाध्याय दुसरा : दिलेल्या शब्दाचे योग्य रूप भरा

1. सक्सेस : हार्ड वर्क हेल्प्ट हर टु ____.
2. अ‍ॅडव्हाइस : माय टीचर ____ मी टु रीड डेली.
3. काइंड : वी विल नेव्हर फरगेट हर ____.
4. केअरफुल : ही क्रॉस्ट द रोड ____.
5. रेग्युलर : हिज अटेंडन्स इज ____, सो द टीचर इज वरीड.
6. डिसाइड : दे टुक द ____ यस्टरडे.

उत्तरे (आधी सोडवा, मग पाहा)

पहिला : 1. वी वेन्ट टु गोलकोंडा ऑन संडे. 2. माय ग्रँडमदर हॅज लिव्ह्ड इन काचिगुडा सिन्स 1990. 3. देअर हॅज बीन नो पॉवर फॉर टू अवर्स. 4. डिड यू डू युअर होमवर्क यस्टरडे? 5. वी विल ईट व्हेन फादर कम्स. 6. आय डू नॉट रिमेंबर हर नेम. 7. द प्रोग्रॅम हॅड बिगन व्हेन वी अराइव्ह्ड. 8. ही सेड दॅट ही वुड हेल्प.

दुसरा : 1. सक्सीड. 2. अ‍ॅडव्हाइझ्ड. 3. काइंडनेस. 4. केअरफुली. 5. इरेग्युलर. 6. डिसिजन.

पालकांना आणि विश्वस्तांना

पालकहो, इंग्रजी बोलता येत नाही म्हणून मुलाच्या अभ्यासात आपला काही उपयोग नाही, असे समजू नका. वरील प्रत्येक नियमाची पहिली पायरी मराठी वाक्य ही आहे. 'कशाच्या आधी?', 'मी की मला?', 'झाले घालून जमते का?', 'कर्म आहे का?' हे चार प्रश्न आपण मराठीतच विचारू शकता. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे मुलाने दिवसभरातल्या पाच गोष्टी आधी मराठीत आणि मग इंग्रजीत सांगाव्यात. मराठी वाक्य अर्धवट, मोडके असेल तर तेच आधी नीट करून घ्यावे. जे वाक्य आपल्या भाषेत पूर्ण करता येत नाही, ते दुसऱ्या भाषेतही पूर्ण होत नाही.

विश्वस्त मंडळास एक विनंती. इंग्रजी शिकवण्याच्या शास्त्रासाठी 1958 साली स्थापन झालेली केंद्रीय इंग्रजी संस्था याच शहरात वाढली आणि 2007 पासून ती इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. एवढी सोय गावात असताना आपल्या मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी तेथील मार्गदर्शन एकत्र घ्यावे, आणि आठवड्यातून एक तास दोघांनी मिळून व्याकरणाचा घ्यावा, असे आम्हाला वाटते. याला वेगळी इमारत किंवा मोठा निधी लागत नाही. वेळापत्रकात एक चौकोन लागतो.

मराठी ठेवली तर इंग्रजी कच्चे राहील का, हा प्रश्न होता. या धड्यात 'मला', 'पासून', 'गेलो होतो', 'विपत्काल' आणि 'पडणे-पाडणे' यांच्याच आधाराने आपण इंग्रजीचे नियम सोडवले. हे शब्द ज्या मुलाच्या तोंडी नाहीत, त्याला तेच नियम केवळ पाठ करावे लागतील. विद्यार्थ्यांनी दोन्ही स्वाध्याय रोमन लिपीत सोडवून वह्या येत्या सोमवारी वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. पुढील अंकात नामांची अनेकवचने आणि 'अ, अ‍ॅन, द' यांचा सराव घेऊ.